मांगरापर्यंतची वीज

दक्षिण कोकणातील जुन्या घरवाडीत, घरापासून पन्नास-साठ पावलांवर, आगराच्या कडेला, चिऱ्याच्या भिंतींचा आणि नळ्यांच्या अथवा अलीकडे पत्र्याच्या छपराचा जो मांगर उभा असतो, त्याच्या वाट्याला घरातली प्रत्येक सुखसोय सर्वांत शेवटी येते. कोयते, कुदळी, पारई, खताची पोती, सोललेले नारळ, गवताच्या पेंढ्या आणि बहुधा एखाददुसरी दुभती म्हैस अशा संमिश्र संसाराला आसरा देणारी ही वास्तू. तिथे कंदिलाच्या उजेडात पिढ्या गेल्या आणि कोणाचे फारसे अडले नाही. परंतु विहिरीवर पंप बसला, नारळ सोलण्याचे आणि गवत कापण्याचे यंत्र आले, रात्री-अपरात्री म्हैस विताना बॅटरीचा झोत अपुरा वाटू लागला, म्हणजे घरधनी एके दिवशी पडवीतल्या प्लगमध्ये वायर खुपसतो, तीच वायर एका पोफळीवरून दुसऱ्या पोफळीवर, तिथून गडग्यावर आणि गडग्यावरून मांगराच्या वाशाला अशी नेऊन पोहोचवतो, आणि ही सारी व्यवस्था तात्पुरती असल्याचे घरातल्यांना बजावून सांगतो. तात्पुरत्या गोष्टींना आपल्याकडे जे दीर्घायुष्य लाभते ते पाहता, पुढच्या ज्येष्ठात पावसाची पहिली झड लागते तेव्हाही ती वायर तिथेच लोंबकळत असावी यात नवल नाही.

या वायरीवर दिवा लागतो, पंपही फिरतो; सबब काम झाले असा समज होतो, आणि पुढच्या अनर्थाचे मूळ या समजात असते. घराबाहेर नेलेली वीज म्हणजे घरातलीच वीज, फक्त वायर जरा लांब, इतके ते साधे प्रकरण नाही. घरात आपण कोरड्या फरशीवर वावरतो. मांगरात मनुष्य अनवाणी, चिखलात, घामेजल्या अंगाने आणि हातात लोखंडी अवजार धरून उभा असतो, म्हणजे विजेला जमिनीकडे जाण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा मार्ग दुसरा नसतो. दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. दुकानातून ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले साहित्य आणले की पाण्याचा बंदोबस्त झाला, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आंबोलीच्या घाटमाथ्यावर तो सात हजारांच्या आसपास जातो, आणि तो जवळजवळ सर्वच्या सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. शिवाय तो केवळ वरून येत नाही; वाऱ्याबरोबर आडवा येतो, अंगणावर आपटून खालून वर उडतो, आणि बाष्परूपाने तर चहूबाजूंनी येतो. अशा मुलखात पाण्याला कायमचे बाहेर ठेवील अशी पेटी अद्याप कोणी केलेली नाही. म्हणून जाणत्या कारागिराचा विचार दुसऱ्या टोकापासून सुरू होतो. पाणी आज ना उद्या आत येणार हे तो गृहीतच धरतो, आणि मग दोन तजविजी करतो: आत आलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट असावी, आणि त्या पाण्याच्या संगतीने वीज आपली वाट सोडून निघाली तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तिचा पुरवठा तुटावा.

यांपैकी दुसरी तजवीज जीवनमरणाची, म्हणून तिचा विचार आधी. आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. भिजलेल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर फेजच्या तारेला हात लागताच शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हा आकडा लहान वाटतो. तो किती मोठा आहे हे चार्ल्स डालझिएल या अमेरिकन प्राध्यापकाच्या प्रयोगांवरून कळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत या गृहस्थाने स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्रीपुरुषांच्या हातून अल्पसा प्रवाह सोडून, हातात धरलेली तार कोणत्या मर्यादेपर्यंत मनुष्य स्वतः सोडू शकतो याची मोजदाद केली. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा सरासरी १६ आणि स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा मिलिअँपिअर भरली. त्यापलीकडे स्नायू आखडतात, मूठ घट्ट मिटते, आणि ज्या वस्तूपासून दूर व्हावयाचे तीच वस्तू मनुष्य अधिक आवळून धरतो. घरातला नऊ वॉटचा साधा दिवा जेवढ्या विजेवर लागतो, त्याहूनही थोडी वीज माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवण्यास पुरते. प्रवाह आणखी वाढला आणि काही काळ टिकला, तर हृदयाच्या स्नायूंचा ताल बिघडून ते नुसते थरथरू लागते. रक्ताभिसरण थांबते, आणि मग जवळपास डॉक्टर असला तरी वेळ हाताशी राहत नाही.

‘पण आमच्याकडे एमसीबी आहे,’ असे उत्तर यावर हमखास मिळते. एमसीबी हे उपयुक्त उपकरण खरे. परंतु त्याची नेमणूक तारेच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंतच्या प्रवाहाला निमूटपणे जाऊ देतो, आणि माणसाला मारण्यास त्याचा शंभरावा अंशही फार होतो. मग आर्थिंगचे काय? इथे थोडे गणित मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. समजा, पावसाने भिजलेल्या वायरीचे आवरण फुटून फेजची तार मांगराच्या पत्र्याला टेकली, आणि पत्रा एका आर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेला आहे. भारतीय मानकानुसार अशा खड्ड्यात अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप उभा पुरतात आणि त्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. काळ्या, ओलसर जमिनीत एवढ्याने बरा रोध मिळतो. पण कोकणातील जांभा हा मोठा हट्टी दगड आहे, आणि वैशाखात तो असा कोरडा पडतो की, खड्ड्यात नियमाने पाणी ओतले नाही तर रोध सहज वीस ओहमांवर किंवा त्याहूनही वर जातो. आता २३० ला २० ने भागा: साडेअकरा अँपिअर. म्हणजे सोळा अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. अडीच किलोवॉटहून अधिक वीज अहोरात्र जमिनीत मुरत राहील, मीटर धावत राहील, आणि मांगराचा सबंध पत्रा जवळजवळ पूर्ण दाबाखाली राहून पहिल्या स्पर्शाची वाट पाहील. आर्थिंग असूनही लोक दगावतात ते का, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

याच संदर्भात एका सार्वत्रिक गैरप्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. खड्डा खणण्याचे श्रम आणि पाइपाचा खर्च वाचवण्यासाठी काही वायरमन थ्री-पिन प्लगच्या आर्थिंगच्या टोकाला न्यूट्रलची तार जोडून मोकळे होतात. टेस्टर लावून पाहिले तर सारे आलबेल दिसते, यंत्रही चालते. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटली, आणि घराबाहेरच्या वायरीत ती तुटण्यास नारळाची एक झावळी पुरे होते, तर पंपाच्या गुंडाळीतून आलेली फेजची वीज त्याच जोडणीने पंपाच्या लोखंडी अंगावर येऊन बसते. संरक्षणाच्या नावाखाली मृत्यूला दिलेली ही सनदच होय, आणि ज्या वायरमनने ती दिली त्याला पुन्हा घराच्या मुख्य फळीला हात लावू देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या सर्व अडचणींवर जो उपाय आहे तो आता तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात, आणि बोलताना दोन्ही नावे एकाच वस्तूसाठी सर्रास वापरली जातात. त्याची कार्यपद्धती एखाद्या चोख कारकुनासारखी आहे. फेजच्या तारेने घराबाहेर गेलेली वीज आणि न्यूट्रलच्या तारेने परत आलेली वीज यांचा जमाखर्च तो क्षणोक्षणी ताडून पाहतो. पैन् पै जुळली तोवर त्याची कसलीही तक्रार नसते, पण जमेत आणि खर्चात तफावत आली, म्हणजे कुठेतरी काही वीज परभारे जमिनीत गेली, की तो हिशेबाची वही मिटून सारा व्यवहारच बंद करतो. प्रत्यक्षात हे काम एक लोहचुंबकीय कडे करते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. दोहोंतले प्रवाह समान व परस्परविरुद्ध असले तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना छेदून शून्य होतात, आणि असमान झाले तर उरलेल्या फरकामुळे कड्यावरील तिसऱ्या गुंडाळीत वीज निर्माण होऊन खटका पडतो. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावयाचा. मानकानुसार तेवढ्या गळतीला तो सेकंदाच्या तीन-दशांशात पुरवठा तोडतो, आणि गळती त्याच्या पाचपट किंवा अधिक असेल तर चाळीस मिलिसेकंदांत, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यापेक्षाही पुष्कळ कमी वेळात. झटका बसतोच, तो बसू न देणे या उपकरणाच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे ती झटक्याची मुदत. वर ज्या वीस ओहमांच्या दरिद्री आर्थिंगने एमसीबीला हलवले नाही, तेच आर्थिंग आरसीसीबीच्या जोडीला मात्र पूर्ण समर्थ ठरते, कारण त्याला साडेअकरा अँपिअर नकोत, तीस मिलिअँपिअर पुरेत.

मांगराच्या लाइनसाठी हा आरसीसीबी स्वतंत्र असावा आणि तो घराकडच्या टोकाला, मुख्य फळीजवळ बसवावा. म्हणजे वाटेतली केबलही त्याच्या अंमलाखाली येते, आणि मांगरातल्या दोषापायी सबंध घर अंधारात बुडत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी हवाच, कारण अतिभाराशी किंवा दोन तारा एकमेकींना चिकटण्याशी आरसीसीबीला काही कर्तव्य नसते. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर जमाखर्च तंतोतंत जुळतो आणि तो स्वस्थ बसतो, हेही ध्यानात ठेवावे. मांगराच्या टोकाला फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडणारा दुहेरी खटका बसवावा. या दुहेरीपणाला कारण आहे. पावसाळ्यात ‘सगळी बटणे बंद असली तरी ट्रिपर पडतो’ अशी जी तक्रार घरोघर ऐकू येते, तिचा उगम बहुधा न्यूट्रलच्या तारेत असतो. एकेरी बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते, आणि तिचे ओले आवरण जमिनीला टेकले की घरातील इतर उपकरणांतून परतणारी वीज तिथून पाझरू लागते. दुहेरी खटका पाडून ठेवला तर मांगराची बाजू पूर्ण विलग होते, आणि दोष त्याच्या अलीकडे की पलीकडे हे एका मिनिटात समजते.

दुर्दैव असे की, श्रावणात दोन वेळा खटका पडला की लोक दोष शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकतात, किंवा त्याच्या डोक्यावरून तार नेऊन त्याला निकामी करतात. रात्रीची वेळ, पंप चालू करणे निकडीचे, वायरमन दोन दिवस येणार नाही, या साऱ्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही पडणारा खटका हा उपद्रव नसून जबानी आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. एकेक उपकरण काढून पुन्हा खटका चढवीत गेले असता गुन्हेगार बहुधा अर्ध्या तासात सापडतो. पुष्कळदा तो पंप असतो, कधी बाहेरचा दिवा, आणि कधी ज्या पेटीत मुंग्यांनी वारूळ थाटले आहे अशी एखादी जोडणीची पेटी.

आता मार्गाविषयी. घरापासून मांगरापर्यंत तार वरून न्यावी की जमिनीखालून, या प्रश्नाला कोकणापुरते तरी माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: खालून. वरून नेलेल्या तारेला झावळ्या, नारळ, वादळ, माकडे आणि उन्हातील अतिनील किरण असे पाच शत्रू आहेत, आणि साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण या शेवटच्या शत्रूपुढे काही वर्षांतच तडकते. झाडाला खिळा मारून वायर नेणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. झाड वाढते, वाऱ्यावर डोलते, आणि दोन झाडे एका दिशेने कधीच डोलत नाहीत. वरून नेणे अपरिहार्यच असेल तर दोन्ही टोकांना भक्कम खांब, त्यांच्या दरम्यान ताणलेली लोखंडी आधारतार आणि तिला बांधलेली जाड आवरणाची काळी केबल, एवढी तरतूद हवी. आणि भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडेल, भिंतीत जाणार नाही.

जमिनीखालून नेताना आर्मर्ड केबल वापरतात, म्हणजे जिच्या तांब्याच्या तारांभोवती आवरणाखाली गॅल्व्हनाइज्ड पोलादी तारांचे चिलखत असते अशी केबल. हे चिलखत उंदीर-घुशींपासून आणि दगडाच्या टोकापासून रक्षण करते एवढेच नव्हे. ते आर्थिंगला जोडलेले असल्यामुळे, कोणाची पारई चुकून केबलमध्ये घुसली तर ती फेजपर्यंत पोहोचण्यापूर्वी चिलखताला भिडते, आणि दोहोंचा मिलाफ होताच पुरवठा तुटतो. अर्थात चिलखत आर्थिंगला जोडलेच नाही तर ते नुसते ओझे. पितळी ग्लँडने ते पेटीला घट्ट आवळणे हे कुशल हाताचे काम आहे, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी हयगय झालेली दिसते. अशा केबलसाठी चर पाऊण मीटर खोल असावा असे भारतीय मानक सांगते. तळाशी वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू, तिच्यावर विटा किंवा चिऱ्याचे तुकडे आणि वर माती अशी त्याची रचना. जांभ्याच्या कातळात पाऊण मीटर खणताना मजुराच्या तोंडून जे शब्द निघतात ते येथे देता येण्यासारखे नाहीत. जिथे कातळ खरोखरच हटत नाही तिथे केबल लोखंडी पाइपातून नेऊन वर काँक्रीटचा थर द्यावा. आणि हा सर्व मार्ग, घराच्या कोपऱ्यापासूनच्या अंतरांसह, एका कागदावर काढून वीजबिलांच्या फायलीत ठेवावा. माडाचे रोप लावण्यासाठी आपण मीटरभर खोल खड्डा खणतो, केबल त्याहून वर असते, आणि दहा वर्षांनी तो खड्डा खणणारा गडी आज जन्मालाही आलेला नसेल किंवा परप्रांतातून आलेला असेल. त्याला घरधन्याच्या स्मरणशक्तीचा काय उपयोग?

तारेची जाडी ठरवताना ‘चालते’ या शब्दावर विसंबू नये. तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची तार एका अश्वशक्तीच्या पंपाचा सहा-सात अँपिअरचा नित्य प्रवाह खुशाल वाहते. चाळीस मीटर अंतरावर दहा अँपिअरलाही तिच्यात जेमतेम सात व्होल्ट दाब खर्ची पडतो. पण पंप सुरू होण्याच्या क्षणी तो नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. त्या क्षणी सुमारे तीस व्होल्ट वाटेतच जिरतात, आणि संध्याकाळच्या वेळी मुळातच १९० व्होल्टवर आलेला गावचा पुरवठा मांगरापर्यंत पोहोचेतो १६० होतो. पंप नुसता गुरगुरतो, फिरत नाही, गुंडाळी तापते आणि जळते. दोष मात्र पंपाच्या कंपनीला दिला जातो. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच तूट अठरा-एकोणीस व्होल्टवर येते. तारेतल्या बचतीचा हिशेब पंप गुंडाळून देणाऱ्या मिस्त्रीच्या बिलासह करावा. ज्याला मांगरात केवळ एक दिवा हवा आहे, त्याने मात्र या साऱ्या खटाटोपात न पडता सौरदिवा टांगावा, तो पुरेसा आहे.

राहिली पहिली तजवीज, म्हणजे पाण्याला वाट देण्याची. घराबाहेर बसवावयाच्या पेट्यांवर आणि प्लगांवर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला धुळीबद्दलचा, दुसरा पाण्याबद्दलचा. पाण्याचा आकडा ४ असला तर चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसतात, ५ असला तर पाण्याची धार, ६ असला तर जोरकस झोत, आणि ७ असला तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालेली पेटीही कोरडी राहते. मात्र ७ मध्ये ५ व ६ आपोआप समाविष्ट असतात असे नाही, बुडण्याची आणि झोताची परीक्षा वेगवेगळी आहे. कोकणातल्या उघड्या भिंतीवर ५५ पेक्षा कमी काही लावू नये, आणि ६५ किंवा ६६ मिळाल्यास उत्तम. पण झाकणाच्या प्लगवर हा आकडा पुष्कळदा झाकण मिटलेले असतानाच खरा असतो; पिन आत खुपसून झाकण अर्धवट उघडे राहिले की सारी हमी संपली, म्हणून पिन आत असतानाही पूर्ण मिटते असे खोल झाकण पाहून घ्यावे.

गंमत अशी की, पेटी जितकी घट्ट तितकी ती आतून ओली होण्याचा संभव अधिक. दुपारच्या उन्हात पेटीतील हवा तापून फुगते आणि फटीफटींतून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की पेटी एकाएकी थंड होते, आतली हवा आकसते आणि बाहेरची बाष्पाने भरलेली हवा आत ओढली जाते. ते बाष्प आतल्या पत्र्यावर थेंब होऊन उतरते, आणि घट्टपणामुळेच त्याला बाहेर पडता येत नाही. हे चक्र रोज चालले तर भाद्रपदापर्यंत पेटीच्या तळाशी चक्क पाणी साठते. म्हणून पेटीच्या तळाला, अगदी खालच्या बिंदूत, पाणी निथळण्यासाठी एक बारीक भोक ठेवतात; काही कारखानदार तशी खूणच करून देतात. केबल पेटीत नेहमी खालून घ्यावी, वरून कदापि नाही. न वापरलेली सर्व भोके बुजवावीत, नाहीतर पाल आत शिरून दोन तारांच्या मध्ये आपला देह ठेवते. पेटी छातीच्या उंचीवर, छपराच्या पुरेशा आत असावी; पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत मुळीच नको, कारण तिथे पाणी वरून पडतेच आणि चिखलासकट खालून उडतेही. आणि जोड. वायर अपुरी पडली म्हणून वाटेत पिळून, वर इन्सुलेशन टेप गुंडाळून केलेला जोड हा बाहेरच्या कामातला सर्वांत दुबळा दुवा. टेपचा चिकटपणा एका उन्हाळ्यात संपतो, आणि बारीक बारीक तारांच्या जुडग्यात शिरलेले पाणी केशाकर्षणाने आवरणाखालून पुष्कळ दूरवर चढत जाते. केबल अखंडच घ्यावी.

पत्र्याच्या मांगराविषयी एक स्वतंत्र इशारा द्यावासा वाटतो. पत्रा, लोखंडी कैच्या आणि खांब हे सर्व हिरव्या आर्थिंगच्या तारेने एकमेकांना आणि खड्ड्याला जोडलेले असावेत, आणि त्या पत्र्याला कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार कधीही बांधू नये. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या दुर्घटनांत ही तार वारंवार दिसते: ओले कपडे, ओले हात, अनवाणी पाय, आणि पत्र्यातून तारेत उतरलेली वीज. नायलॉनची दोरी याहून स्वस्त आहे. झटका बसलेल्याला ओढून काढण्यास धावणारा दुसरा मनुष्यही त्याच तारेला बळी पडतो, म्हणून आधी मुख्य खटका पाडणे आणि मगच हात लावणे हे घरातल्या मुलांनाही शिकवलेले असावे. मांगरात गुरे असतील तर काळजी दुप्पट हवी. ओल्या जमिनीत वीज पसरली तर जवळजवळच्या दोन बिंदूंमध्येही दाबाचा फरक पडतो. माणसाच्या दोन पावलांत अंतर थोडे, गुरांच्या पुढच्या व मागच्या खुरांत ते दीड मीटरच्या घरात, आणि त्या दोहोंमधल्या वाटेत हृदय येते. माणसाला जेमतेम मुंग्या आल्यासारखे वाटेल अशा ठिकाणी म्हैस कोसळते.

कायद्याचा मजकूर थोडक्यात सांगतो. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे यांसारखी किरकोळ कामे सोडली, तर जोडणीत भर घालण्याचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि अर्हताप्राप्त माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे, हा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होता आणि त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विनियमांतही कायम आहे. घरगुती मीटरवरून शेतीचा किंवा व्यवसायाचा पंप चालवावयाचा असल्यास महावितरणच्या कचेरीत आधी खातरजमा करावी. मंजूर कारणाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी केलेला वापर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत ठरतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

आगोटीची जी कामे आपण मे महिन्यात उरकतो, कौले परतणे, लाकूडफाटा आत घेणे, पन्हळी साफ करणे, त्यांच्यात एक दिवस या लाइनसाठी राखून ठेवावा. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण तसे दर महिन्याला दाबून पाहावयाचे असते. ते दाबल्यावर खटका पडला नाही तर उपकरण त्याच दिवशी बदलावे. पेट्यांची झाकणे उघडून रबरी कडा तडकल्या आहेत काय, तळाचे भोक कोळ्याच्या जाळ्याने बुजले आहे काय, हे पाहावे. गंजलेले स्क्रू बदलावेत. आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे. वळवाच्या विजा मे महिन्यात आणि परतीच्या पावसाच्या विजा ऑक्टोबरात कडाडतात. गडगडाट दूर असतानाच मांगराचा दुहेरी खटका पाडून पंपाची पिन काढून ठेवणे हे कोणत्याही महागड्या साधनाइतकेच परिणामकारक असते. शेवटी वायरमनला मेगर घेऊन बोलवावे. दिवे, चार्जर वगैरे नाजूक उपकरणे आधी काढून घेऊन, ५०० व्होल्टच्या दाबाखाली फेज, न्यूट्रल आणि आर्थिंग यांच्यामधील आवरणाचा रोध मोजतात. तो एक मेगओहमपेक्षा कमी भरला, तर दोष सापडेपर्यंत मांगराची लाइन मुख्य फळीवरूनच बंद ठेवावी, मग बाहेर पाऊस सुरू झालेला असो वा नसो.